कर्नल बदलला आणि पडदा काळा झाला

प्रश्न : माझ्या डेस्कटॉपवर लिनक्स आहे. ग्राफिक्स कार्डाचा ड्रायव्हर मी उत्पादकाच्या संकेतस्थळावरून उतरवून टर्मिनलमधून बसवला होता. दोन महिने सारे सुरळीत होते. गेल्या आठवड्यात सिस्टिम अपडेट केल्यावर मात्र लॉगिनऐवजी काळा पडदा दिसतो. कार्ड बिघडले असेल का?

उत्तर : तशी शक्यता कमी आहे. ड्रायव्हरचे मॉड्यूल (कर्नलला जोडला जाणारा भाग) विशिष्ट कर्नलसाठी, म्हणजे लिनक्सच्या गाभ्यासाठी, तयार झालेले असते. अपडेटमध्ये नवा कर्नल आला की ते पुन्हा बांधावे लागते, आणि हाताने बसवताना डीकेएमएसमध्ये (नव्या कर्नलसाठी मॉड्यूल आपोआप बांधणाऱ्या व्यवस्थेत) त्याची नोंद केलेली नसेल, तर हे काम आपोआप होत नाही. संगणक सुरू होताना ग्रब या सुरुवातीच्या मेनूतील ‘अ‍ॅडव्हान्स्ड ऑप्शन्स’मधून आधीचा कर्नल निवडा. डेस्कटॉप दिसला, तर निदान जवळजवळ पक्केच.

मग त्याच इन्स्टॉलर फाइलच्या अनइन्स्टॉल पर्यायाने जुना ड्रायव्हर काढा. त्यावरच दुसरा चढवण्याचा मोह टाळा, कारण दोहोंच्या फाइली एकमेकांत मिसळल्या की गुंता सोडवताना नाकी नऊ येतात. त्यानंतर वितरणाच्या (उबुंटूसारख्या, तुम्ही वापरता त्या लिनक्सच्या) स्वतःच्या सॉफ्टवेअर-भांडारातील ड्रायव्हर घ्या. उबुंटूमध्ये ‘अ‍ॅडिशनल ड्रायव्हर्स’ उघडून ‘टेस्टेड’ असे लिहिलेला पर्याय निवडावा.

सिक्युअर बूट (स्वाक्षरी पटलेलेच सॉफ्टवेअर चालू देणारी सुरक्षा सोय) चालू असल्यास एक पासवर्ड ठरवायला सांगितले जाईल आणि संगणक पुन्हा सुरू होताना निळा पडदा येईल. पुष्कळजण घाबरून तो तसाच पुढे ढकलतात. तिथे ‘एनरोल एमओके’ (संगणकाच्या मालकाच्या स्वाक्षरी-किल्लीची नोंद) निवडून तोच पासवर्ड द्यावा, अन्यथा स्वाक्षरी न पटल्यामुळे कर्नल मॉड्यूल नाकारतो.