त्वचेचे प्रश्न : गाजर गवत आणि इसब

प्रश्न : माझे वडील 56 वर्षांचे, फलटण तालुक्यात शेती करतात. तीन वर्षं झाली, पावसाळा लागला की पापण्या, मान आणि कोपराच्या खोबणीत खाज सुटते. कातडी काळी, जाड झाली आहे. मेडिकलमधली ट्यूब लावली की आठवडाभर बरं, मग दुप्पट. सगळे म्हणतात, रक्त बिघडलंय, वांगं बंद करा. काय करावं?

उत्तर : ताई, आधी वडिलांना वांग्याची भाजी वाढा, तिचा यात दोष दिसत नाही. पत्रावरून निदान करू नये, पण शेतकरी, पावसाळा आणि पापण्या असं एकत्र वाचलं की माझा पहिला संशय बांधावरच्या गाजर गवतावर जातो. तुमच्याकडे त्याला काँग्रेस म्हणत असतील. 1955च्या सुमारास ते पुण्यात नजरेत आलं, मग देशभर पसरलं. त्याचा चुरा, पराग वाऱ्यावर उडतात आणि ज्यांना त्याची अ‍ॅलर्जी आहे त्यांच्या कातडीवर इसब उठतं.

असा पेशंट आला की मी त्याला टोपी काढायला लावतो आणि कानामागे, हनुवटीखाली बघतो. नुसत्या उन्हाचा त्रास असेल तर या सावलीतल्या जागा बहुधा सुटतात. वाऱ्यावरून येणारं इसब तिथेही शिरतं.

मग पॅच टेस्ट, म्हणजे कातडीला कशाची ॲलर्जी आहे ते शोधायची तपासणी. पाठीवर चिकटवलेल्या पट्ट्या 48 तासांनी काढतो, एक-दोन दिवसांनी पुन्हा बघतो. तेवढे दिवस पाठ भिजवायची नाही. शेतकऱ्याला हे पटवणं टेस्टपेक्षा अवघड! बुरशीची शंका आली तर कातडीचा खरवडा सूक्ष्मदर्शकाखाली बघतो, कारण स्टेरॉइडने बुरशी दबते, मरत नाही.

मान-हातांना स्टेरॉइड मलम ठरावीक दिवसच. तर्जनीच्या टोकापासून पहिल्या पेराच्या रेघेपर्यंत मलम काढलं की दोन तळव्यांएवढ्या जागेला पुरतं. पापण्यांना जोरदार स्टेरॉइड नको, कातडी पातळ होते आणि डोळ्यातला दाबही वाढू शकतो. तिथे बहुतेकदा टॅक्रोलिमस हे स्टेरॉइड नसलेलं मलम देतो. सुरुवातीला थोडं झोंबतं. आंघोळीनंतर अंग ओलसर असतानाच साधं मॉइश्चरायझर. एवढ्यानेही आटोक्यात आलं नाही तर अ‍ॅझाथायोप्रिनच्या (शरीराची प्रतिकारशक्ती दाबणाऱ्या) गोळ्या, त्याही रक्त तपासत तपासतच.

गवत दुसऱ्या कुणाकडून, फुलोऱ्याआधी उपटून घ्या. माझा एक पेशंट सगळं पाळायचा, तरी खाज जाईना. शेवटी कळलं, बनियन रोज बांधावरच वाळत असे.

दाखवायला याल तेव्हा ती ट्यूब घेऊन या, संपली असली तरी.