ताई, मी रोज दादाच्या गोळ्या मोजते

"ताई, माझा दादा ३१ वर्षांचा आहे. मागच्या महिन्यात बायपोलर, म्हणजे मन टोकाचं वर-खाली होण्याचा आजार, आहे असं कळलं आणि १२ दिवसांपूर्वी त्यावरचं औषध, लिथियम, सुरू झालंय. त्याआधी तीन आठवडे तो रात्री जेमतेम दोन-तीन तास झोपायचा, अखंड बोलायचा, क्रेडिट कार्डवर वाट्टेल ते मागवायचा. आता एकदम गप्प झालाय, हात थोडे थरथरतात, म्हणतो मला काहीच फरक वाटत नाहीये, उगाच घेतोय. तो आंघोळीला गेला की मी स्ट्रिप काढून गोळ्या मोजते. परवा त्याने बघितलं. 'तू बहीण आहेस की जेलर?' एवढंच म्हणाला आणि तेव्हापासून बोलत नाहीये. आई म्हणते गोळीची सवय लागेल, आणि तीच आई म्हणते घेत नसेल तर पाण्यात विरघळवून देऊ. मी काय करू? – दादाची धाकटी"

अगं धाकटे,

आधी एक कबुली. माझ्या भावाचं औषध सुरू झालं तेव्हा मी गोळ्या मोजत नव्हते, मी कचऱ्याच्या डब्यात रिकाम्या स्ट्रिपा शोधायचे. सापडली की जीव भांड्यात पडायचा. बऱ्याच दिवसांनी डोक्यात आलं की रिकामी स्ट्रिप म्हणजे गोळी स्ट्रिपमधून बाहेर आली एवढंच, ती पोटात गेली की बेसिनमध्ये हे स्ट्रिप कुठे सांगते? तुझ्या मोजण्याचंही तेच आहे. त्यातून तुला कळत काहीच नाहीये आणि त्याला मात्र एक गोष्ट पक्की कळतेय, की घरात आपल्यावर पाळत आहे.

आणि लिथियमच्या बाबतीत तर मोजायची गरजच नाही, कारण ते रक्तात मोजतात. सुरुवातीला आणि डोस बदलला की साधारण आठवड्याने, मग सगळं स्थिर झालं की तीन ते सहा महिन्यांनी. रक्त शेवटच्या डोसनंतर १२ तासांनी द्यायचं असतं, म्हणजे सकाळची गोळी असेल तर त्या दिवशी ती रक्त दिल्यावर घ्यायची, हे लोक हमखास विसरतात आणि मग आकडा उगाच वाढलेला येतो. रक्तातली लेव्हल साधारण ०.६ ते ०.८ mmol/L च्या आसपास ठेवतात, कधी १ पर्यंत, ते डॉक्टर ठरवतील. त्याच रक्तात थायरॉइड आणि किडनीही अधूनमधून बघतात. गोळी पोटात जातेय का याचं उत्तर तिथे मिळतं, आणि ते त्याचं त्याला आणि डॉक्टरला मिळतं, तुला चोरून शोधावं लागत नाही.

आता "फरक वाटत नाहीये". १२ दिवस म्हणजे फार नाही गं. लिथियम काही डोकेदुखीची गोळी नाही, नीट परिणाम दिसायला एक ते तीन आठवडे जातात, कधी जास्तच. शिवाय सुरुवातीला सोबत झोपेचं किंवा मन शांत करणारं दुसरं औषध बऱ्याचदा देतात आणि ती सुस्ती त्याचीही असू शकते, जे पुढे कमी करता येतं, पण डॉक्टरला सांगितलं तरच. "जरा बरा नाहीये" असं सांगून उपयोग नाही. सकाळी किती वाजेपर्यंत जड वाटतं, हात सही करताना थरथरतात की नुसते बसल्यावरही, हे त्याने त्याच्याच फोनमध्ये लिहून ठेवलं तर अपॉइंटमेंटच्या दहा मिनिटांत काहीतरी पदरात पडतं.

बारीक थरथर पुष्कळांना होते, तिला घाबरू नकोस. पण थरथर मोठी झाली, सोबत उलट्या-जुलाब, चालताना झोक जाणं, जीभ जड होणं, गोंधळल्यासारखं बोलणं असलं काही दिसलं तर उद्यावर ढकलायचं नाही, पुढची गोळी न देता त्याच दिवशी हॉस्पिटल. रक्तात लिथियम जास्त झाल्याची ती खूण असते. आणि हे जास्त होणं कधीकधी आपल्याच प्रेमाने होतं! पाठ दुखतेय म्हणाला की आपण घरातली आयब्युप्रोफेन किंवा डायक्लोफेनॅक काढून देतो, आणि नेमक्या त्याच गोळ्या लिथियम वाढवतात. कुठलीही नवीन गोळी आधी विचारून. ताप आला, जुलाब लागले, पाणी कमी पडलं किंवा उत्साहाच्या भरात मीठ एकदम बंद केलं तरी लेव्हल वर जाते. हे मात्र तू लक्षात ठेव, कारण ताप चढलेल्या माणसाला हे आठवणार नाही.

आईला सांग की याची नशेसारखी सवय लागत नाही. हे एक क्षार आहे, १९४९ साली जॉन केड नावाच्या ऑस्ट्रेलियन डॉक्टरांनी मेनियावर, म्हणजे दादाच्या त्या तीन आठवड्यांसारख्या अति चढलेल्या अवस्थेवर, वापरून बघितलं तेव्हापासून वापरात आहे, म्हणजे बहुतेक आईपेक्षाही जुनं. आणि पाण्यात विरघळवायचं तर डोक्यातून काढूनच टाका. एक तर काही गोळ्या हळूहळू विरघळण्यासाठी बनवलेल्या असतात, त्या चुरल्या तर सगळा डोस एकदम अंगात जातो. आणि दुसरं म्हणजे त्याला कधीतरी कळणारच. त्या दिवसापासून तो गोळीवर तर सोडच, तुम्ही दिलेल्या पाण्यावरही विश्वास ठेवणार नाही.

"उगाच घेतोय" याच्यामागे मला अजून एक गोष्ट दिसते, चुकत असेन तर सोडून दे. ते तीन आठवडे तुमच्यासाठी भयंकर होते. त्याच्यासाठी कदाचित आयुष्यातले सगळ्यात झगझगीत होते. सगळं सुचत होतं, थकवा नव्हता, आपण काहीही करू शकतो असं वाटत होतं, आणि आता हे गप्प, सपाट दिवस, वर कार्डाचं बिल आणि घरच्यांचे चेहरे. त्याला ते दिवस आठवत असतील आणि हे बोलायची चोरी असेल. तर विचार एकदा, "तेव्हाचं काय मिस करतोस?" आणि मग खरंच गप्प बस. लगेच "अरे पण तेव्हा तू..." करू नकोस, बिलाचा विषय तर अजिबातच नाही. गोळी बंद करावीशी वाटतेय असं म्हणाला तर एवढंच माग, की मनाने एकदम बंद करू नकोस, डॉक्टरसमोर म्हण, मी हवी तर येते. लिथियम एकदम सोडलं की मेनिया उलटून येण्याचा धोका खूप असतो म्हणून.

आणि मेनिया उतरल्यावर कधीकधी माणूस खूप खालीही जातो. जगण्यात अर्थ नाही असं काही बोलला तर सरळ विचार, मरायचे विचार येतायत का. विचारल्याने ते विचार डोक्यात शिरत नाहीत, उलट बोलायला वाट मिळते. हो म्हणाला तर एकटं सोडायचं नाही आणि त्याच दिवशी डॉक्टर किंवा इमर्जन्सी गाठायची.

बाकी रोज लक्ष ठेवायचंच असेल तर झोपेवर ठेव. दोन रात्री तीन-चार तास झोपला आणि तरी सकाळी टवटवीत, बोलायला आतुर, ही पहिली घंटा असते, बऱ्याचदा त्याला स्वतःला कळायच्या आधी वाजते. पण ही घंटा वाजली तर तू काय म्हणायचं हे आत्ता, तो शांत असताना, त्यानेच ठरवायचंय. माझ्या भावाने ठरवलं होतं की मी मेसेजमध्ये फक्त "बॅटरी?" लिहायचं आणि त्याने आकडा पाठवायचा. एकदा पहाटे चार वाजता १४० आला. मी काही लेक्चर न देता "सकाळी डॉक्टरला फोन करू या का" विचारलं, त्याने अर्ध्या तासाने "हं" लिहिलं. तेवढं "हं" पुरलं. तुमचा शब्द वेगळा असेल. कार्डाची लिमिट कमी करायची का, कुणाला फोन करायचा, घरात कुणाला सांगायचं आणि कुणाला नाही, तेही त्यालाच ठरवू दे, तू फक्त विषय काढ.

भांडणात मात्र "गोळी घेतलीस का" हे कधीच नाही, मी केलंय, अजून लाज वाटते. त्याला राग येऊ शकतो. कधीकधी तू खरंच डोक्यात जात असशील, बहिणी जातात. तो मोठ्याने हसला की सगळं घर एकमेकांकडे बघतं ना? ते त्यालाही दिसतं.

तर आज सॉरी म्हण, लांबण न लावता. "मी मोजत होते, मला भीती वाटत होती, आता नाही मोजणार. तुला माझी कुठे मदत हवी आणि कुठे नको?" कदाचित आज उत्तर देणार नाही. दोन दिवसांनी जुनाच एखादा फालतू जोक फॉरवर्ड करेल, तर त्यावर हस, लगेच विषय पुढे रेटू नकोस. पुढच्या रक्ताच्या वेळी येऊ का विचार, नको म्हणाला तर जाऊ नकोस.

आणि ती स्ट्रिप तू मोजायला सोपी पडावी म्हणून कुठे हलवून ठेवली असशील तर त्याच्या ड्रॉवरमध्ये होती तशी परत ठेवून दे.

– तुझी ताई