मुलीला एथनिक स्टडीज (अमेरिकेतल्या वांशिक समाजांचा इतिहास आणि जगणं यांचा अभ्यास) शिकायचंय. कर्ज काढावं का?

विषय तिला घेऊ द्या. लोन मात्र तिच्या स्वतःच्या नावावर मिळणाऱ्या फेडरल, म्हणजे केंद्र सरकारच्या लोनपुरतंच ठेवा, आणि तुमच्या नावावर होणाऱ्या पेरेंट प्लस या पालकांच्या सरकारी कर्जावर सही करू नका.

तुम्ही लिहिलंय की मुलीचा जन्म इथला, अमेरिकेतलाच, कॅलिफोर्नियातल्या बर्कली आणि सॅन फ्रान्सिस्को स्टेट या दोन्ही विद्यापीठांत तिला ॲडमिशन मिळालीय, बर्कलीला पाठवलं तर चार वर्षांत नव्वद हजार डॉलरच्या आसपास कर्ज होईल, आणि नातेवाईक ‘यात पोट भरणार आहे का’ म्हणून डोकं खातायत. मी बे एरियातल्या एका कम्युनिटी कॉलेजच्या (दोन वर्षांच्या स्वस्त सरकारी कॉलेजच्या) फायनान्शियल एड, म्हणजे आर्थिक मदतीच्या ऑफिसात काम करते. कॉलेजांची मदतीची पत्रं रोज हातात असतात, म्हणून आधी त्या पत्राचंच बोलते.

कॉलेजकडून आलेलं ॲवॉर्ड लेटर समोर घ्या. वर ग्रँट (परत न करायची मदत), मग वर्क-स्टडी (शिकताना करायची अर्धवेळ नोकरी), त्याखाली सबसिडाइज्ड (शिकेपर्यंत व्याज सरकार भरतं ते) आणि अनसबसिडाइज्ड लोन, आणि काही कॉलेजांच्या पत्रात शेवटच्या ओळीत पेरेंट प्लस. हे सगळं एकाच रकान्यात ‘मदत’ म्हणून मांडतात आणि तळाशी उरलेला खर्च शून्य दाखवतात. पेन घ्या आणि ग्रँट-स्कॉलरशिप सोडून बाकी सगळ्यावर काट मारा. मग वर्षाच्या एकूण खर्चातून फक्त ती ग्रँट-स्कॉलरशिप वजा करा; जे उरतं ती तुमची खरी किंमत. हे करताना मी भल्याभल्या इंजिनियर आईवडिलांचे चेहरे उतरलेले पाहिलेत.

तिच्या नावावर फेडरल लोन पहिल्या वर्षी जास्तीत जास्त ५,५००, दुसऱ्या वर्षी ६,५००, पुढची दोन वर्षं ७,५०० मिळतं. चार वर्षांचे झाले २७,००० डॉलर. साडेसहा टक्क्यांच्या आसपास व्याज धरून दहा वर्षांत फेडायचं म्हटलं तर महिन्याला तीनशेच्या थोडा वर हप्ता बसतो. शिक्षिकेच्या किंवा काउंटीतल्या नोकरीच्या पगारात तो निघतो. पेरेंट प्लसची गोष्ट वेगळी आहे. १ जुलै २०२६ पासून त्याला प्रत्येक मुलामागे वर्षाला २०,००० आणि एकूण ६५,००० ची मर्यादा आली. व्याज नऊ टक्क्यांच्या घरात, वर रक्कम हातात येण्याआधीच चार टक्क्यांहून जास्त फी कापली जाते. पूर्ण ६५,००० उचलले तर दहा वर्षांचा हप्ता महिन्याला आठशेच्या पुढे जातो. हे कर्ज कायम तुमचंच राहतं, मुलीच्या नावावर करता येत नाही, आणि नव्या नियमांत उत्पन्नानुसार हप्ता कमी करून घ्यायची सोयही त्याला नाही. तुमच्या रिटायरमेंटच्या तोंडावर हे ओझं कशाला?

आता कमाई. सरकारच्या कॉलेज स्कोअरकार्डवर प्रत्येक कॉलेजातल्या प्रत्येक मेजरची कमाई आणि कर्ज दिसतं, ते जरूर बघा. पण तिथे एथनिक स्टडीज स्वतंत्र नसतं. ते जेंडर स्टडीजसकट एका गटात टाकलेलं आहे. आकडे फक्त फेडरल मदत घेतलेल्या मुलांचे असतात, आणि विभाग छोटा असला तर प्रायव्हसीसाठी रकाना रिकामाच सोडतात. तो रिकामा दिसला म्हणून घाबरू नका.

कॉम्प्युटर सायन्सच्या पगाराशी तुलना करायला गेलात तर हा विषय हरणार, यात वाद नाही. पण माझ्या मते कळीचा मुद्दा वेगळा आहे. या पदवीची कमाई बहुतेक वेळा दुसऱ्या पायरीवर सुरू होते: टीचिंग क्रेडेन्शियल (शाळेत शिकवण्याचा परवाना), सोशल वर्क किंवा पब्लिक हेल्थमधलं मास्टर्स, लॉ स्कूल. आणि त्या पायरीवरचं कर्जही आता आवळलंय. नव्या विद्यार्थ्यांना ग्रॅड प्लस हे पदवीनंतरच्या शिक्षणाचं सरकारी कर्ज मिळत नाही. साध्या मास्टर्सला वर्षाला २०,५०० च्या वर फेडरल लोन नाही. बीएलाच कर्जाची ऐपत संपवली तर खरी नोकरी देणाऱ्या शिक्षणाला पैसा कुठून आणणार?

शिक्षकीबद्दल एक सावधगिरी. कॅलिफोर्नियाने २०२१ मध्ये हायस्कूलला एथनिक स्टडीज सक्तीचं करणारा कायदा केला खरा, पण तो निधीवर अवलंबून ठेवला आणि २०२५ च्या बजेटमध्ये निधी आलाच नाही. त्या कायद्याच्या भरवशावर नोकरीचं गणित मांडू नका. काही स्कूल डिस्ट्रिक्टनी स्वतःचे नियम केलेत, आणि कॅल स्टेटच्या (सॅन फ्रान्सिस्को स्टेट ज्यात येतं त्या सरकारी विद्यापीठ समूहाच्या) विद्यार्थ्यांना २०२० च्या कायद्याने एथनिक स्टडीजचा तीन युनिटांचा कोर्स बंधनकारक आहे. तिथे मागणी आहे. तिने सोशल सायन्सचं क्रेडेन्शियल घेतलं तर इतिहास आणि सिव्हिक्सही शिकवता येईल. सरकारी शाळेत १२० पात्र हप्ते भरले की तिच्या नावावरचं उरलेलं फेडरल लोन माफ होऊ शकतं.

सॅन फ्रान्सिस्को स्टेटला दुय्यम समजू नका, हे मी कळकळीने सांगते. हा विषय जन्मला तोच तिथे: १९६८ च्या नोव्हेंबरात विद्यार्थ्यांचा संप सुरू झाला, तो पुढच्या मार्चपर्यंत चालला आणि त्यातून १९६९ मध्ये कॉलेज ऑफ एथनिक स्टडीज उभं राहिलं. कॅल स्टेटची ट्यूशन २०२५-२६ मध्ये ६,४५० डॉलर होती, वर कॅम्पसची फी. मुलगी घरून बार्टने (इथल्या लोकल रेल्वेने) गेली तर कर्ज जेमतेम लागेल. बर्कलीत राहण्याखाण्यासकट वर्षाचा खर्च पन्नास हजारांच्या आसपास जातो. बर्कलीचाच हट्ट असेल तर दोन वर्षं कम्युनिटी कॉलेज करून ट्रान्सफर घ्या, तिथे युनिटला ४६ डॉलर पडतात.

‘आपल्या मुलीला हे कशाला’ म्हणणाऱ्यांना तळेगाव ढमढेऱ्याच्या विष्णू गणेश पिंगळेंचं नाव सांगा. अमेरिकेत शिकायला आलेला हा तरुण इंग्रजांविरुद्धच्या गदर चळवळीत गेला आणि १९१५ मध्ये लाहोरला फाशी गेला. वर्ध्याचे पांडुरंग खानखोजेही त्याच चळवळीतले. पंजाबहून आलेले भगतसिंग थिंद गोरे नाहीत म्हणून अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाने त्यांना नागरिकत्व नाकारलं ते १९२३ मध्ये. आपण इथे कसे आलो, कुणाच्या लढ्यामुळे राहू शकलो, हे आपल्या मुलांना याच वर्गांत कळतं. मला याचं मोल फार वाटतं.

डिपॉझिट साधारण १ मेपर्यंत भरायचं असतं. त्याआधी दोन्ही एड ऑफिसना फोन करून ग्रँट वाढवायचं अपील करता येतं का विचारा, आणि विभागाला विचारा की गेल्या दोन वर्षांत पास झालेली मुलं कुठे लागली. हे फोन मुलीलाच करू द्या. एकदा ती कॉलेजात दाखल झाली की तिच्या लेखी परवानगीशिवाय ऑफिस सहसा तुम्हाला तिची माहिती देणार नाही, तेव्हा हे व्यवहार तिच्या हातात आतापासूनच असलेले बरे.