दोनशे पुस्तकं वाचलो मॅडम, डोक्यात कायच ऱ्हायलं नाही

मी बेळगावात समुपदेशन करते, आणि हा प्रश्न माझ्याकडं फिरून फिरून येतो, माणूस बदलतं, शब्द बदलतात, दुखणं तेच. इतिहास वाचतो, राजकारण वाचतो, मध्येच तत्त्वज्ञान, रात्री झोपताना एखादी खुनाची गोष्ट, पण कुणी विचारलं की तोंडातून दोन वाक्यं निघत नाहीत, मग एवढं वाचून उपयोग काय, एकच विषय धरून बसायला पाहिजे होतं का. बँकेतून रिटायर झालेले काका विचारतात, एमए करणाऱ्या पोरी विचारतात. मागच्या वर्षी आलेल्या एका पोराची गोष्ट सांगते म्हणजे माझं म्हणणं कळेल. त्याला विचारूनच लिहितेय, आणि ओळख लागू नये म्हणून चारदोन गोष्टी बदलल्यात.

आधी त्याची आई आली. खानापूर बाजूचं गाव, सकाळची बस पकडून बेळगावात, हातात पिशवी, पिशवीत पोराच्या उशाखालची तीन पुस्तकं पुरावा म्हणून आणलेली. "बघा की मॅडम, सगळी खुनाचीच हायत. सत्तावीस वर्षांचं पोरगं, स्थळं यायला लागलीत, आणि हे रात्री दीडपर्यंत खून वाचतंय. मी सांगतो तुम्हाला, ह्याचं डोकं फिरणार." (आमच्याकडच्या बायका ‘मी सांगतो, मी जातो’ असंच बोलतात, पुण्याकडच्या वाचकांनी टायपो समजू नये, घरी मी पण तसंच बोलतो, लिहिताना तेवढं सुधारून घेते.)

मी पुस्तकं बघितली, तिन्हीपैकी एकच खुनाचं होतं. दुसरं न्यायदर्शनावर (कोर्टाचं नव्हे, आपलं जुनं तर्कशास्त्र) आणि तिसरं राज्य पुनर्रचनेवर, पण मुखपृष्ठ काळं असल्यामुळं तेही खुनात गेलं. मी विचारलं, काकू तुम्ही रात्री काय करता? तर म्हणे टीव्ही बघतो. काय बघता? पोलिसांची मालिका, खुनाचा तपास असतो ती. बोलल्यावर त्यांचं त्यांनाच हसू आलं.

पण आईची काळजी मी हसण्यावारी नेली नाही, ते सांगून ठेवते. खुनाचं वाचून माणूस खुनी होत नाही, पण पोरगं जेवत नाही, कामावर जायचं टाळतंय, कुणाशी बोलत नाही, जगून काय उपयोग असली भाषा करतंय, असं काही असेल तर पुस्तकाचा विषय कुठलाही असो, लगेच बघायला लागतं. हे सगळं मी विचारलं, प्रत्येकाला उत्तर ‘नाही’ असंच आलं. (तुमच्या घरी उत्तर ‘हो’ येत असेल तर थांबू नका, मनाच्या त्रासासाठी सरकारची टेलिमानस फोन लाईन आहे 14416, फुकट आहे, आणि कानडी-मराठी दोन्हीत बोलता येतं.) फक्त जानेवारीपासून चिडचिड आणि झोप कमी, एवढंच. मग म्हटलं त्यालाच पाठवा.

तो आला तो शिफ्ट संपवून, उद्यमबागेत एका मशीन शॉपमध्ये सीएनसीवर, म्हणजे कॉम्प्युटरवर चालणाऱ्या मशीनवर आहे, नखात कूलंटचा वास तसाच. बसल्या बसल्या बॅगेतून वही काढली. दोनशे पानी वही, रेघा मारून रकाने केलेले, अनुक्रमांक, पुस्तकाचं नाव, विषय, सुरू केल्याची तारीख, संपवल्याची तारीख. शेवटचा अनुक्रमांक 214. अक्षर सुरेख. "दोनशे पुस्तकं वाचलो मॅडम, डोक्यात कायच ऱ्हायलं नाही. मला मेमरीचा प्रॉब्लेम हाय काय बघा."

जानेवारीत काय झालं ते मग हळूहळू बाहेर आलं. आमच्या भागात थंडीत गावोगाव साहित्य संमेलनं होतात, ग्रंथदिंडी, मांडव, जेवणाच्या पंगती, सगळं गाव येतं. असल्याच एका संमेलनात ह्याला पाच मिनिटं बोलायला उभं केलं, वाचतो म्हणून. विषय सीमाप्रश्न. आणि हा बोलून गेला, "छप्पन साली महाजन आयोगानं". पुढच्या रांगेतले एक आजोबा तिथनंच ओरडले, अरे बाबा महाजन सहासष्टचा, छप्पनला कुठला महाजन! मांडव हसला. हा माईक ठेवून खाली उतरला.

बाहेरच्या वाचकांना ह्यात एवढं काय वाटेल. पण आमच्याकडं ह्या तारखा पुस्तकात नसतात, घरात असतात. राज्य पुनर्रचनेचा फाजल अली आयोग 1953 चा, त्याचा अहवाल 1955 ला, 1 नोव्हेंबर 1956 ला आम्ही तेव्हाच्या म्हैसूर, म्हणजे आताच्या कर्नाटक राज्यात गेलो, सीमेच्या वादावर महाजन आयोग नेमला 1966 ला, अहवाल 1967 ला, त्यात निपाणी, खानापूर, नंदगड धरून 264 गावं महाराष्ट्राला द्या आणि बेळगाव शहर राहू दे तिकडंच, हे चौथी शिकलेल्या म्हाताऱ्याला पण पाठ असतं. तिथं चुकणं म्हणजे लग्नपत्रिकेत स्वतःच्या बापाचं नाव चुकवल्यासारखं. ह्यानं तर त्यावर चार पुस्तकं वाचलेली, वहीत नोंद आहे, अनुक्रमांक 88, 89, 131 आणि 190.

आता माझी चूक सांगते. पहिल्या भेटीत मी त्याला तोच सल्ला दिला जो सगळे देतात, एका वेळी एक विषय, एक पुस्तक, बाकीची कपाटात. ऐकायला बरं वाटतं. दोन आठवड्यांनी आला तेव्हा तोंड अजून उतरलेलं. इतिहासाचं एक जाडजूड पुस्तक धरलं म्हणे, चाळीसाव्या पानावर अडकलं, दुसरं उघडायचं नाही असं ठरवल्यामुळं ते पण बंद आणि बाकीची पण बंद, आणि रात्री एकपर्यंत मोबाईलवर रील्स. म्हणजे पोराचं एकमेव सुख होतं तेवढं मी काढून घेतलं होतं. परीक्षेचा अभ्यास असेल किंवा पीएचडी करायची असेल तर विषय धरून बसावंच लागतं, नाही कुठं म्हणते, पण ह्याला ना परीक्षा द्यायची होती ना थिसिस लिहायचा होता. तेवढं विचारायचं मी विसरले होते.

तिसऱ्या भेटीत मी वाचनाचं काही काढलंच नाही. कामाबद्दल विचारलं. सध्या काय जॉब चाललाय? म्हणाला एक शाफ्ट हाय, आणि टूलचा ऑफसेट किती, इन्सर्ट किती पीसनंतर बदलायचा, कुठल्या व्यासावर किती मायक्रॉन चालतंय आणि किती चालत नाही, मागच्या वर्षी दिवाळीच्या आधी कुठल्या लॉटमध्ये रिजेक्शन आलं आणि कशामुळं, असं धडाधड पाच मिनिटं बोलला. कागद नाही, वही नाही.

मी म्हटलं हे कसं रे लक्षात राहिलं?

"ते रोज लागतंय की मॅडम. आणि रिलीव्हरला, पुढच्या शिफ्टवाल्याला, सांगून जायला लागतंय, नाही सांगितलं तर तो पीस घालवणार."

हे म्हणाला आणि स्वतःच गप्प झाला. मी पण गप्प बसले. (समुपदेशनात आमचं अर्धं काम हेच असतं, गप्प बसणं, फी त्याचीच घेतो म्हणा.)

मग वही मिटवायला लावली आणि म्हटलं, 214 मधलं कुठलंही एक सांग. दोन मिनिटं काही नाही, कान लाल. मग म्हणाला, एक गुन्ह्यांच्या तपासावरचं होतं, त्यात एक प्रयोग होता, 1974 चा, लॉफ्टस म्हणून बाई आणि तिचा सहकारी. लोकांना गाड्यांच्या टकरीची फिल्म दाखवली आणि विचारलं गाड्या किती स्पीडनं होत्या. फक्त प्रश्नातला शब्द बदलला, कुणाला विचारलं गाड्या एकमेकीला लागल्या तेव्हा, कुणाला विचारलं गाड्या धडाडून आपटल्या तेव्हा. आपटल्या म्हटलेल्यांनी स्पीड जास्त सांगितला. आणि आठवड्यानं विचारलं काचा फुटलेल्या बघितलासा काय, तर त्यातल्या बऱ्याच जणांनी हो म्हणून सांगितलं, आणि फिल्ममध्ये काच फुटलेलीच नव्हती.

मी काही विचारायच्या आधी पुढं सुरू. "म्हणजे बघा, माझा बाप शहाऐंशीच्या कन्नडसक्तीच्या आंदोलनाचं एक सांगतोय आणि काका दुसरंच सांगतोय. दोघं पण त्या दिवशी एकाच चौकात होते. खोटं कुणीच बोलत नाही. मग इतिहास लिहिणाऱ्यानं कुणाचं धरायचं?" आणि तिथनं गडी न्यायदर्शनावर गेला, की आपल्याकडं चार प्रमाणं, म्हणजे खरं कळायचे मार्ग, सांगितलीत, प्रत्यक्ष, अनुमान, उपमान आणि शब्द, त्यात बाप सांगतोय ते शब्दप्रमाण, पण शब्द कुणाचा धरायचा तर आप्ताचा, म्हणजे भरवशाच्या माणसाचा, आता बाप पण आप्त आणि काका पण आप्त, मग? डोंगरावर धूर दिसला की आग असणार हे अनुमान, पोलीस पण तेच करतोय आणि इतिहासवाला पण तेच करतोय, एक रक्ताचा डाग बघतोय आणि एक जुना कागद. आणि नंदगडला कंपनीविरुद्ध लढलेल्या संगोळ्ळी रायण्णाला फाशी दिली 1831 ला, आमच्यापासून जवळच, तर त्याची गोष्ट लोक गातात ती वेगळी असणार आणि कंपनी सरकारच्या कागदात वेगळी, फाशी देणाऱ्याचा कागद म्हणजे एका पार्टीचीच साक्ष की हो.

वीस मिनिटं. माझा पुढचा क्लायंट बाहेर ताटकळला. मी काही हुशारी केली नाही, एवढंच म्हटलं, की तू चार विषय वाचतोयस असं वहीत लिहिलंयस, मला तर एकच ऐकू आला. तो बघत राहिला आणि म्हणाला, "खरं काय झालं ते कळायचं कसं, हेच की." बस.

लक्षात न राहण्याचं म्हणाल तर त्यात त्याच्या मेंदूचा दोष काही नव्हता. एबिंगहाउस नावाच्या जर्मन माणसानं स्वतःवरच प्रयोग करून 1885 ला लिहून ठेवलंय की पाठ केलेलं सुरुवातीच्या तासांतच सगळ्यात भराभर गळतं, आणि त्याचं तर निरर्थक अक्षरांचं पाठांतर होतं. रोडिगर आणि कार्पिकी ह्यांचा 2006 चा प्रयोग मी क्लायंटना नेहमी सांगते. कॉलेजच्या पोरांना छोटे उतारे दिले, एक सूर्यावर, एक समुद्रातल्या पाणमांजरांवर. काहींनी तोच उतारा परत वाचला, काहींनी तो मिटून आठवेल ते लिहून काढलं. पाच मिनिटांनी विचारलं तर परत वाचणारे पुढं. आठवड्यानं विचारलं तर वाचणाऱ्यांना 42 टक्के आठवत होतं, लिहिणाऱ्यांना 56. म्हणजे आठवायला लागणं हाच अभ्यास. आणि हा गडी पुस्तक संपलं की वहीत नंबर टाकून पुढचं उघडायचा, सहा वर्षांत कुणाला एक ओळ सांगितली नव्हती. सांगणार कुणाला, घरात पुस्तकाचं नाव काढलं की लग्नाचा विषय निघतो, आणि शॉपमध्ये टी-ब्रेक दहा मिनिटांचा.

ठरवलं ते साधंच. वाचून झालं की पुस्तक मिटायचं आणि कुणालातरी चार वाक्यं सांगायची, न बघता. विषय कुठलेही, कितीही, चार पुस्तकं उघडी असली तरी असू देत. चुकलं तर चुकलं, नंतर उघडून बघायचं. आणि वहीतला संपवल्याच्या तारखेचा रकाना बंद, त्याच्या जागी एक प्रश्न लिहायचा, त्या पुस्तकानं न सोडवलेला. कुणाला सांगणार विचारलं तर बराच वेळ विचार करून म्हणाला, आईला सांगतो, ती भाकऱ्या करताना कुठं जाऊ शकत नाही.

काकूंचा फोन आला तीन आठवड्यांनी. मला वाटलं तक्रार असेल. तर म्हणे, "मॅडम, त्या पुस्तकातल्या बाईच्या खोलीची किल्ली दोन माणसांकडं कशी काय? मी विचारलो तर ह्याला सांगता येईना. परत जाऊन बघून आला, तर लिहिणाऱ्याचीच चूक निघाली." आवाजात काय तोरा! न्यायदर्शन त्यांना आवडत नाही, त्या वेळी भाकरी जरा जोरात थापतात असं पोरगं सांगतं. राजकारणाचं चालतं, पण मग मध्येच त्यांचं सुरू होतं, शहाऐंशीला त्या माहेरी होत्या, तिथं काय झालं होतं, कोण कुठं लपलं होतं, आणि ते बापाच्याशी पण जुळत नाही आणि काकाच्याशी पण. पोरानं आता ते तिघांचं वेगवेगळ्या पानांवर लिहून घ्यायला घेतलंय, वहीच्या मागच्या बाजूनं.

सगळं सुरळीत झालं असं नाही. चिडचिड आहेच, दोन स्थळं परत गेली, झोप बरी आहे. 214 मधली शंभरेक पुस्तकं खरंच गेलीत डोक्यातून आणि ती गेली तरी चालतील असं मला वाटतं, त्याला अजून वाटत नाही. ह्या वर्षीच्या संमेलनात बोलायला बोलावलं होतं, नाही म्हणाला, मांडवात मागं जाऊन बसला. पंगतीला मात्र ते पुढच्या रांगेतले आजोबा शेजारीच आले. ह्यानंच विषय काढला, म्हणाला, मी चुकलो त्या दिवशी, पण 264 गावांचा आकडा तुम्हाला कुठनं मिळाला, कागद बघितलासा का ऐकून हाय? आजोबा जरा थांबले, म्हणाले ऐकूनच. मग ह्यानं त्यांना अनुक्रमांक 131 वाचायला नेऊन दिलं.

ते पुस्तक अजून परत आलेलं नाही, आणि त्यावरनं आता आईची बोलणी खातोय.