चिखलदऱ्याहून कॉफीच्या बिया आणल्या. ग्राइंडर नाही, गावात कॉफी दळून देणारंही कोणी नाही. अख्ख्या बिया घरी कशा दळायच्या?

मिक्सरमध्ये दळा, चटणीच्या लहान भांड्यात. चक्कीवर मात्र नेऊ नका. तुमचा चक्कीवाला "आणा, ज्वारीसारखी दळून देतो" म्हणाला, असं तुम्ही लिहिलंय. तो मनापासूनच म्हणाला असेल. पण चक्कीचा दगड तापतो, आधीच्या दळणाचं पीठ त्यात अडकलेलं असतं, आणि पिठाइतकी बारीक झालेली कॉफी कडू उतरते, शिवाय नीट गाळलीही जात नाही.

बिया चिखलदऱ्याहून, म्हणजे कॉफी पिकते तिथूनच आणल्यात, म्हणून आधी एक विचारते: त्या भाजलेल्या आहेत ना? हिरवट-राखाडी असतील तर कच्च्या आहेत. कच्ची बी खड्यासारखी टणक असते, मिक्सरचं पातं खराब होईल. भाजलेली बी तपकिरी असते आणि दाताखाली कुरकुरीत तुटते. कच्च्या निघाल्या तर जाड लोखंडी कढईत मूठ-दोन मूठच घ्या आणि मध्यम आचेवर हात न थांबवता हलवत राहा. हिरव्याच्या पिवळ्या, मग तपकिरी होतात आणि लाह्या फुटल्यासारख्या तडतडायला लागतात. त्यानंतर मिनिटभरात उतरवून लगेच सुपात पाखडा. बिया गार होतात आणि वरचा कोंडा उडून जातो. धूर बराच होतो, त्यामुळे चूल अंगणात असेल तर बरं. त्याच दिवशी दळू नका. ताज्या भाजलेल्या बीतून वायू निघत असतो, एक-दोन दिवस जाऊ द्या.

आता दळण. शेंगदाण्याचा कूट करताना आपण मिक्सर सलग फिरवत नाही, कारण तेल सुटून गोळा होतो. कॉफीच्या बीतही तेल असतं, आणि बराचसा वास त्या तेलातच असतो. भांडं तापलं की तो तिथेच उडून जातो. म्हणून दोन-तीन सेकंद फिरवायचं, थांबायचं, भांडं काढून हलवायचं, पुन्हा फिरवायचं. असं आठ-दहा वेळा. एका मोठ्या कपाला साधारण 15 ग्रॅम बिया पुरतात, म्हणजे सपाट तीन मोठे चमचे.

किती बारीक, याला आपल्या स्वयंपाकघरातले शब्द अगदी नेमके आहेत. फ्रेंच प्रेस (दांड्याची जाळी खाली दाबून कॉफी गाळायचं भांडं) असेल किंवा नुसतं पातेलं आणि कापड असेल, तर जाड्या रव्यासारखी. दक्षिणेकडचा स्टीलचा फिल्टर असेल तर बारीक रव्याहूनही किंचित बारीक, पण पीठ नाही. बोटांत चोळल्यावर कण लागले पाहिजेत.

मिक्सरचा खरा दोष असा, की तो एकाच भांड्यात भरडही करतो आणि पीठही. बारीक पुडीतून कडूपणा लवकर उतरतो, भरड कणातून चव पुरती उतरतच नाही. एका कपात दोन्ही चुका. यावर माझा उपाय मैद्याची चाळणी. चाळून खाली पडलेली पूड मी दुधाच्या कॉफीला वापरते, दूध-साखरेत तिचा कडूपणा झाकला जातो. वर राहिलेली रवाळ कॉफी बिनदुधाची करते. एवढ्या एका चाळण्याने जो फरक पडतो, तो महागड्या भांड्यांनीही पडत नाही, असं माझं मत आहे.

भांडं शक्यतो वेगळं ठेवा. मी पहिल्यांदा ठेच्याच्याच भांड्यात दळली होती, तेव्हा कपभर कॉफीला लसणाचा वास होता. वेगळं भांडं नसेल तर मूठभर कोरडे तांदूळ त्यात फिरवा, टाका आणि कोरड्या फडक्याने पुसा. ओलं भांडं नको.

लाइन नसेल तेव्हा मी खलबत्ता काढते. नुसतं ठोकलं की दाणे उडतात. आधी हलक्या हाताने फोडून घ्यायचे, मग बत्ता गोल फिरवायचा. वेळ लागतो, पण पूड तापत नाही. सासूबाई पडवीतून विचारतात, "काय कुटून राह्यली वं, घर दरवळलं ना!"

सगळ्या बिया एकदम दळून ठेवू नका. दळलेल्या कॉफीचा वास काही मिनिटांतच कमी व्हायला लागतो, अख्खी बी काही आठवडे टिकते. घट्ट झाकणाचा स्टीलचा डबा, उजेड आणि चुलीपासून दूर, मसाल्यांच्या शेजारी नाही. आपल्याकडे मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या वर जातो, तेव्हा छोट्या हवाबंद पुड्या करून फ्रीजरमध्ये ठेवल्या तरी चालतं. बाहेर काढलेली पुडी मात्र परत आत ठेवायची नाही.

आणखी एक. दुकानातल्या पाकिटाची सवय असेल तर तुमची कॉफी पातळ आणि फिकी वाटेल. लगेच दळण बिघडलं असं समजू नका. अशा बऱ्याच पाकिटांत चिकोरी, म्हणजे एका झाडाच्या भाजलेल्या मुळाची पूड, असते, तिचं प्रमाण 49 टक्क्यांपर्यंत चालतं. तो गडद रंग आणि दाटपणा बराचसा तिचा. तुमच्या कपात फक्त कॉफी आहे, आणि तीही आपल्याच चिखलदऱ्याच्या डोंगरावरची. हजार मीटरहून उंचावर, धुक्यात वाढलेली. आमच्या गच्चीतून ते डोंगर दिसतात, तरी इथे कितीतरी घरांत ती कोणी चाखलेली नाही, याचं मला वाईट वाटतं. म्हणून तुमचा प्रश्न वाचून फार बरं वाटलं.

पहिल्या दिवशी पातेल्यातच करा. पाणी उकळलं की गॅस बंद, अर्धा मिनिट थांबा, कपभर पाण्यात तीन चमचे बियांची रवाळ पूड घाला, झाका आणि चार मिनिटांनी सुती कापडातून गाळा. दूध घालण्याआधी एक घोट घ्या. आंबट लागली तर उद्या दोनदा जास्त फिरवा, कडू लागली तर दोनदा कमी. पाणी आणि चमचे तेच ठेवा, म्हणजे फरक दळणाचा आहे हे कळेल.