वेल्समधला धर्म आणि रोजचे कष्ट खाजगी कागदपत्रांतून खरंच कळतात का?

कळतात, आणि सरकारी दप्तरापेक्षा कितीतरी जवळून! हॉवेल हॅरिसचंच बघा. १७३५ पासून वेल्सभर फिरून प्रवचनं देणारा हा मेथडिस्ट, म्हणजे प्रोटेस्टंट ख्रिस्ती धर्मातल्या एका सुधारणा चळवळीतला माणूस. त्याच्या रोजनिश्या अ‍ॅबरिस्टविथच्या राष्ट्रीय ग्रंथालयात आहेत. अडीचशेहून जास्त वह्या, अक्षर अगदी मुंगीएवढं, सुरुवातीच्या तर लॅटिनमध्ये. प्रार्थना, पश्चात्ताप, मनाची घालमेल, सगळं त्यात आहे. १७५२ मध्ये ट्रेव्हेका या वेल्समधल्या गावी त्याने माणसं एकत्र राहायला आणली. उपासनेसोबत शेती, विणकाम, सुतारकाम चालायचं. तिथे भक्ती आणि मजुरी वेगळी काढताच येत नाही.

घरात जपलेले चॅपलचे (म्हणजे अशा पंथांच्या प्रार्थनाघराचे) छापील वार्षिक अहवालही टाकून देऊ नका. त्यात सभासदांच्या नावापुढे प्रत्येकाची वर्गणी असते. खाणीत संप झाला त्या वर्षीचे आकडे जरूर पाहा, मजुरी थांबली की वर्गणीचं काय झालं ते त्यात दिसू शकतं.