आधी गोठा बघा, मग औषध: वाचकांचे प्रश्न आणि उत्तरे

या वेळच्या पत्रांत एक गोष्ट सारखी दिसली. जवळपास प्रत्येकाने शेवटी औषधाचे नाव विचारले आहे. औषध लागते तिथे ते सांगितले आहेच. पण यांतल्या बहुतेक तक्रारींचे मूळ गाईच्या अंगात नाही, तिच्या पायाखाली आणि डोक्यावर आहे.

प्रश्न : माझ्याकडे १२ एचएफ (होल्स्टीन फ्रिजियन) संकरित गाई आहेत. खाली सिमेंटचा कोबा, गव्हाणीला साखळीने बांधतो. दिवसा काय, रात्री काय, गाई बराच वेळ नुसत्या उभ्या असतात. तिघींच्या मागच्या पायांच्या सांध्यांवर गाठी आल्या आहेत. कॅल्शियम पाजले, फरक नाही. काय द्यावे? (वाचक, ता. फलटण)

काही देऊ नका, अंथरूण द्या. दुभती गाय दिवसाच्या २४ तासांत साधारण १२ तास बसते. हे बसणे एका दमात होत नाही. तासा-दीड तासाने ती उठते, अंग मोकळे करते, पुन्हा बसते. म्हणजे दिवसात आठ-दहा वेळा पाच-सहाशे किलोचे धूड पुढच्या गुडघ्यांवर आदळते. कोबा कडक असला की ती बसायचेच टाळते. बसली नाही की रवंथ कमी, खुरांवर भार जास्त आणि कासेकडचा रक्तपुरवठाही कमी, कारण बसलेल्या गाईच्या कासेतून उभ्या गाईपेक्षा जास्त रक्त फिरते. दूध घटते ते इथून.

एक साधी परीक्षा करा. गाय बसते त्या जागी स्वतः उभ्याने एकदम गुडघ्यांवर बसून बघा. करायची हिंमत होत नसेल तर गाईला काय होते ते कळले. तिथेच अर्धा मिनिट गुडघे टेकून राहा; पँट ओली झाली तर जागा ओली आहे आणि सडांना दगडीचा, म्हणजे कासेला सूज येण्याचा, धोका आहे.

मग गाय उठते कशी ते पाहा. धडधाकट गाय डोके पुढे झोकते, आधी मागचे पाय उचलते आणि मग पुढचे. या झोकासाठी तिला तोंडापुढे अडीच-तीन फूट मोकळी जागा लागते. समोर गव्हाणीची उंच भिंत असली, साखळी आखूड असली की तो झोक बसत नाही. अशी गाय आधी पुढचे पाय उचलते, कुत्र्यासारखी मागच्या अंगावर बसून राहते, मग कशीबशी उठते. ही खूण दिसली की जागा चुकली आहे असे खुशाल समजा. गाईच्या बाजूची भिंत दीड फुटापेक्षा उंच असेल तर फोडून खाली घ्या. साखळी इतकी लांब हवी की बसल्यावर मान वळवून डोके बरगडीवर टेकता यावे. गाय गाढ झोपते ती तशीच.

कोब्यावर निदान सहा इंच कोरडे अंथरूण हवे. तुमच्या भागात कुट्टी केलेले उसाचे पाचट सहज मिळते. लाकडाचा भुसा चालतो, पण ओला राहिला की त्यात दगडीचे जंतू वाढतात, म्हणून रोज वरचा थर काढावा लागतो. नुसती रबर मॅट घातली तर घसरणे थांबते, पण मऊपणा पुरत नाही. शिवाय तिच्याखाली मूत साठते. पंधरा दिवसांतून एकदा ती उचलून खालची जागा धुवा. कोब्याला नालीकडे दर ५ फुटांना १ इंच उतार ठेवा.

जागा असेल तर खरा उपाय मुक्तसंचार गोठा, म्हणजे गाई न बांधता कुंपणात मोकळ्या सोडायच्या. मोठ्या गाईला किमान ४० चौरस फूट छपराखाली आणि ८० चौरस फूट उघड्यावर असा हिशेब धरतात. एचएफसाठी आम्ही एकूण २०० चौरस फूट सांगू, म्हणजे तुमच्या १२ गाईंना २,४०० चौरस फूट. त्याला फक्त पाइपचे कुंपण लागते, नवे छप्पर नाही. गव्हाणीला प्रत्येकी अडीच फूट जागा द्या, नाहीतर दांडग्या गाई खातात आणि गरीब गाई मागे उभ्या राहतात. पहिल्या दिवशी सगळ्या गाई संध्याकाळी एकदम सोडा, एकेक करून नको. नंतर येणारीला आधीच्या गाई मारतात. उघड्या भागात मुरूम टाकून मधोमध उंचवटा करा, पावसाळ्यात तीच बसायची जागा होते.

त्या गाठी सुईने फोडू नका. सांध्यावरची कातडी रोज घासली गेल्यामुळे तिथे पाणी साठले आहे. फोडले की जंतू आत जातात आणि पू होतो. अंथरूण मऊ झाले की त्या हळूहळू बसतात. गाठ गरम लागत असेल किंवा गाय लंगडत असेल तर मात्र डॉक्टरांना दाखवा.

प्रश्न : उन्हाळ्यासाठी फॉगर बसवले. पत्र्याचा गोठा आहे, उंची ८ फूट, ऊन लागू नये म्हणून तीन बाजूंनी शेडनेट लावले. तरी गाई जास्तच धापा टाकतात. दूध १४ लिटरवरून १० वर आले. (वाचक, जि. जळगाव)

फॉगर वाईट नाही, पण तुम्ही त्याला कोंडले आहे. फॉगर हवेत पाण्याचे बारीक कण सोडतो, ते उडून जाताना हवा थंड होते. ती दमट झालेली हवा बाहेर गेली पाहिजे. तीन बाजूंनी नेट, डोक्यावर तापलेला पत्रा आणि पंखा नाही, अशात गोठ्यात वाफ धरते. गाय अंगातली उष्णता श्वास आणि घामावाटे बाहेर टाकते. हवाच ओली असेल तर दोन्ही वाटा बंद होतात.

आजच दोन बाजूंचे नेट वर गुंडाळा आणि पश्चिमेचे तेवढे दुपारी सोडा. पंखे लावा. ते जमत नसेल तर फॉगरपेक्षा मोठ्या थेंबांचे शॉवर बरे: एक-दोन मिनिटे पाठ भिजवायची, मग दहा-बारा मिनिटे वारा. पाणी कातडीपर्यंत पोचले पाहिजे, पण पोटावरून ओघळून कासेवर येता कामा नये. सडांवरून थेंब ठिबकायला लागले की दगडीला आमंत्रण. जूनमध्ये हवा दमट झाली की फॉगर बंद ठेवा, पंखे चालू.

उष्णतेचा अंदाज हाताने घेता येतो. दुपारी तीनच्या सुमाराला बसलेल्या गाईची कूस किती वेळा वर-खाली होते ते ३० सेकंद मोजा आणि दुप्पट करा. मिनिटाला ६० च्या वर श्वास म्हणजे त्रास सुरू. ८० च्या वर, तोंड उघडे, लाळ गळते आहे म्हणजे तातडीने पाणी आणि वारा. ताप १०३ अंश फॅरनहाइटच्या वर गेला आणि पाणी मारूनही उतरला नाही तर डॉक्टरांना बोलवा.

चाऱ्याची वेळ बदलणे हा सगळ्यांत स्वस्त उपाय, आणि नेमका तोच राहून जातो. खाल्ल्यावर चार-सहा तासांनी पोटातल्या आंबवणाची उष्णता सर्वांत जास्त असते. सकाळी १० ला भरपेट टाकलेला चारा भर दुपारी आतून तापवतो. दिवसाच्या चाऱ्याचा दोन तृतीयांश भाग संध्याकाळी ६ ते सकाळी ६ या वेळात द्या. लाळ बाहेर गळून गेल्यामुळे पोटात आम्ल वाढते, म्हणून खाण्याचा सोडा दिवसाला १०० ग्रॅम, दोन वेळा विभागून, पेंडीतून द्या. त्याच काळात दूध वाढावे म्हणून भरडा वाढवू नका. अशा वेळी गाय चारा टाकून भरडाच खाते आणि अपचन होते.

पाणी उन्हाळ्यात प्रत्येक दुभत्या गाईला १०० लिटरच्या आसपास लागते. टाकी काळी आणि उन्हात असेल तर पाणी गरम होते आणि गाय ते टाळते. टाकीवर सावली करा, आतून चुना लावा. पत्र्याला वरून चुन्याचा पांढरा हात द्या, वर कडब्याचा किंवा तुराट्यांचा थर टाका. पुढे कधी गोठा बांधाल तेव्हा लांबी पूर्व-पश्चिम, कडेला उंची १० फूट आणि मध्ये १४-१५ फूट ठेवा. मे महिन्यातल्या उन्हाचा मार गाभण राहण्यावर पुढे दीड-दोन महिने दिसतो, म्हणून जुलैत गाई उलटल्या, म्हणजे रेतन करूनही पुन्हा माजावर आल्या, तर लगेच गर्भाशयाची औषधे सुरू करू नका.

प्रश्न : आमच्या घरात गाय व्यायल्यावर जार (वार) पडेपर्यंत चीक, म्हणजे पहिले घट्ट दूध, काढत नाहीत. यंदा दोन वासरे हगवण लागून गेली. वासरांना कोणते टॉनिक द्यावे? (वाचक, ता. जुन्नर)

ही पद्धत आजपासून बंद करा. गाईच्या रक्तातली रोगप्रतिकारक द्रव्ये गर्भात वासरापर्यंत पोचत नाहीत. ती फक्त चिकातून मिळतात. वासराच्या आतड्याची ती शोषून घेण्याची ताकद जन्मापासून तासागणिक घटते आणि २४ तासांत जवळजवळ संपते. जार पडायला आठ-दहा तास लागतात. तेवढ्यात वासराचा निम्मा हक्क गेलेला असतो. आणि उलटे आहे: वासराने चोखले, धार काढली की गर्भाशय आकुंचन पावते आणि जार पडायला मदतच होते. जारेला दगड किंवा चप्पल बांधू नका. १२ तासांत पडली नाही तर डॉक्टर. स्वतः हात घालून ओढू नका.

माप असे: वजनाच्या एक दशांश चीक. ३० किलोच्या वासराला ३ लिटर, पहिल्या दोन तासांत. मग आठ-दहा तासांनी आणखी २ लिटर. स्वतःहून पीत नसेल तर निपलच्या बाटलीने, मान थोडी वर. जबरदस्तीने घशात ओतले तर चीक फुप्फुसात जातो. चीक अंगाइतका कोमट असावा. उकळला की त्याचा खरवस होतो आणि कामाची द्रव्ये मरतात. जास्तीचा चीक स्वच्छ बाटल्यांत भरून फ्रीजरमध्ये ठेवा, लागेल तेव्हा बाटली कोमट पाण्यात धरून वितळवा. भरपूर दुधाच्या गाईची कास पहिल्या दिवशी पूर्ण रिकामी करू नका, कॅल्शियम एकदम घसरून दूधज्वर येतो. वासरापुरता आणि थोडा जास्त चीक काढा.

नाळ दोन इंचांवर स्वच्छ दोऱ्याने बांधून कापा आणि टिंक्चर आयोडीनमध्ये बुडवा, तीन दिवस दोन वेळा. हगवण लागली तर दूध तोडू नका. दुधाच्या दोन वेळांच्या मध्ये क्षारांचे पाणी द्या. डोळे आत गेले, चोखायची ताकद नाही असे दिसले तर सलाइन लागते. हे सगळे गोऱ्ह्यालाही तितकेच. गोऱ्हा झाला म्हणून चीक तोडणे म्हणजे त्याला उपाशी मारणे आहे. गोऱ्हे नको असतील तर लिंगनिर्धारित वीर्याने रेतन करून घ्या, त्यात दहापैकी सुमारे नऊ वेळा कालवड होते.

प्रश्न : वासरू मेल्यापासून गाय पान्हा सोडत नाही. शेजारी रोज इंजेक्शन मारतात. मारावे का? (वाचक, जि. सोलापूर)

नाही. दूध उतरवण्यासाठी गाईला अपाय होईल असे इंजेक्शन देणे हा १९६० च्या प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणाऱ्या कायद्याच्या कलम १२ खाली गुन्हा आहे. कायदा बाजूला ठेवला तरी, रोज बाहेरून ऑक्सिटोसिन मिळाले की सुईशिवाय पान्हा यायचाच बंद होतो, आणि एकच सुई दहा गाईंना टोचली की रक्तातले रोग फिरतात.

कास कोमट पाण्याने धुवा, कोरड्या फडक्याने पुसत मिनिटभर चोळा. पान्हा आला की पाच-सात मिनिटांत धार पुरी करा. त्यापुढे असर ओसरतो. रोज तीच वेळ, तोच माणूस, तोच हात, आणि धारेच्या वेळी समोर आवडता भरडा. ओरडणे, काठी, कुत्रे, परका माणूस यांनी गाय बिचकली तर पान्हा अर्धा तास अडतो. त्या वेळी ओढत बसू नका, थांबा. सवय बसायला आठवडा-दोन आठवडे जातात, दूध तोवर कमी मिळेल. धार झाल्यावर सड आयोडीनच्या द्रावणात बुडवा आणि लगेच चारा टाका. सडाचे तोंड मिटायला अर्धा तास लागतो, तोवर ती उभी राहिलेली बरी.

प्रश्न : वासरांची शिंगे कधी जाळावीत? (वाचक, ता. कोपरगाव)

दोन-तीन आठवड्यांच्या वयात, शिंगकळी बोटाला लागते पण कवटीला चिकटलेली नसते तेव्हा. नस बधिर करूनच, आणि पशुवैद्यकाकडून. प्राण्यांच्या क्रूरता प्रतिबंध कायद्याखालच्या २०२३ च्या पशुसंवर्धन नियमांतही तसेच बंधन आहे. मोठ्या गाईची शिंगे कापू नका, आतली पोकळी कपाळाशी जोडलेली असते.

प्रश्न : पावसाळ्यात खुरांच्या बेचक्या सडतात. मोरचूद (कॉपर सल्फेट) किती टाकावा? (वाचक, ता. संगमेश्वर)

१०० लिटर पाण्यात ५ किलो. हौद १० फूट लांब, पाणी निदान ४ इंच, म्हणजे दोन्ही खुरे बुडतील. आधी पाय धुवा; शेणाने माखलेले खूर गेले की द्रावण तासाभरात निकामी होते. गाईंनी ते पिऊ नये म्हणून शेजारी साधे पाणी आधी पाजा. वापरलेले द्रावण शेणखतात किंवा चाऱ्याच्या रानात सोडू नका, तांबे जमिनीत साठून राहते. आणि हौद आठवड्यातून दोनदा केला तरी गाय उरलेले दिवस चिखलात उभी असेल तर बेचक्या पुन्हा सडणारच. गव्हाणीपुढचा पट्टा आधी दगड-मुरमाने भरून घ्या.